हिरवा माणूस आणि डावे वळण : नाशिकमधील एका पादचारी सिग्नलचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकच्या पश्चिम भागात गंगापूर रोड आणि त्र्यंबक रोड यांना जोडणारे अनेक रस्ते आहेत. त्यांपैकी एका रस्त्यावरील चार तोंडांच्या चौकाचे हे प्रकरण आहे. चौकाचे नाव आणि संबंधित कार्यालये व व्यक्ती यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. चौकाच्या एका कोपऱ्यावर कनिष्ठ महाविद्यालय आहे, त्यासमोर रुग्णालय आणि औषधांची दुकाने आहेत, आणि आतल्या गल्लीत उद्यान असल्याने ज्येष्ठ नागरिकांची सकाळ-संध्याकाळ ये-जा असते. सकाळी सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस, दुपारी महाविद्यालय सुटल्यावर दुचाक्यांचे लोंढे आणि संध्याकाळी खरेदीला निघालेली कुटुंबे, असा येथील वाहतुकीचा दिवसभराचा क्रम आहे.

वाहनांसाठीचे सिग्नल येथे बऱ्याच वर्षांपासून होते, पादचाऱ्यांसाठी मात्र वेगळे दिवे नव्हते. लोक वाहने थांबलेली पाहून, हात दाखवत, दुभाजकापर्यंत आणि मग पुढे अशा दोन टप्प्यांत रस्ता ओलांडत. रस्त्याचे नूतनीकरण झाले तेव्हा या चौकात नव्या पद्धतीचे पादचारी सिग्नल बसवण्यात आले. त्यांत हिरव्या चालत्या माणसाची आकृती, उरलेले सेकंद दाखवणारा टायमर आणि खांबावर पिवळ्या डबीतले बटण या तिन्ही गोष्टी होत्या. सुरुवातीला कौतुक झाले. काही महिन्यांतच तक्रार आली, आणि तिचा सूर अनपेक्षित होता: सिग्नल नव्हता तेव्हा रस्ता ओलांडणे सोपे होते, असे ज्येष्ठ नागरिक संघाने लेखी कळवले.

त्यावर एक छोटा अभ्यासगट नेमला गेला. त्यात संघाचे दोन सदस्य, महाविद्यालयातील एक शिक्षिका, परिसरात राहणारे एक दृष्टिहीन संगीतशिक्षक, वाहतूक नियमन करणाऱ्या शाखेचे एक अधिकारी, रस्त्याची जबाबदारी असलेल्या विभागाचे अभियंता आणि तांत्रिक सल्ल्यासाठी प्रस्तुत लेखक असे सभासद होते.

अडचणीचे स्वरूप

पहिल्या बैठकीत चर्चा शिस्तीवर गेली, जशी ती आपल्याकडे नेहमी जाते. लोक बटण दाबत नाहीत, दाबले तर थांबत नाहीत, दुचाकीस्वार झेब्रा पट्ट्यांवर उभे राहतात, अशी यादी तयार झाली. ती खोटी नव्हती, परंतु सिग्नल आल्यावर अडचण का वाढली याचे उत्तर तिच्यात नव्हते. म्हणून गटाने चौकात उभे राहून आधी मोजमाप करायचे ठरवले.

मोजमापातून पहिली गोष्ट समोर आली ती साध्या भागाकाराची. दोन्ही बाजूंचा रस्ता प्रत्येकी ७.५ मीटर आणि मधला दुभाजक १.२ मीटर, म्हणजे कडेपासून कडेपर्यंत १६.२ मीटर अंतर होते. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आपल्याकडील सिग्नलच्या गणितात रूढ आहे. त्या हिशेबाने हे अंतर कापायला साडेतेरा सेकंद लागतात. प्रत्यक्षात हिरवा माणूस लुकलुकण्याच्या काळासह १२ सेकंदच दिसत असे. काठी टेकत चालणाऱ्या व्यक्तीचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला, तर वीस सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. याचा अर्थ धडधाकट माणसालासुद्धा हा सिग्नल पुरत नव्हता, आणि ज्यांच्यासाठी तो बसवला असे सांगितले गेले त्यांना तो दुभाजकाच्या पुढे थोडेसेच नेऊन सोडत होता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. मुख्य रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांचा हिरवा दिवा रुग्णालयाकडून येणाऱ्या बाजूच्या रस्त्याच्या हिरव्या दिव्याबरोबरच लागत असे. त्या रस्त्यावरून डावीकडे वळणारी वाहने नेमकी याच झेब्रा पट्ट्यांवरून जातात. वाहनचालकाला हिरवा दिवा, पादचाऱ्यालाही हिरवा दिवा, आणि दोघेही आपापल्या दिव्याच्या भरवशावर निघालेले. त्यातच डावे वळण कायम मोकळे असते, अशी शहरभर पक्की झालेली समजूत. पूर्वी लोक वाहनांकडे बघून ओलांडत होते. आता ते दिव्याकडे बघून उतरत होते. कायद्याने पट्ट्यांवरील पादचाऱ्याला अग्रक्रम आहे, मोटार वाहन (चालन) विनियम २०१७ मध्ये तसे म्हटले आहे, पण वळणाऱ्या रिक्षाच्या पुढ्यात उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नंतर होतो. ज्येष्ठ नागरिकांची तक्रार हीच होती, फक्त ती त्यांना अशा शब्दांत मांडता आली नव्हती.

तिसरी गोष्ट बटणाची. चौकाचे पूर्ण आवर्तन, म्हणजे सर्व रस्त्यांच्या पाळ्यांचा एक फेरा, १२० सेकंदांचे होते आणि बटण दाबले तरच त्या आवर्तनात हिरवा माणूस येत असे. बाजूच्या रस्त्याची पाळी सुरू झाल्यावर दाबले, तर पुढच्या आवर्तनापर्यंत थांबावे लागे. बटण दाबल्याची पोच देणारा दिवा डबीवर नव्हता, त्यामुळे दाबणाऱ्याला काहीच घडल्याचे कळत नसे. त्यात एक खांब रसवंतीच्या हातगाडीमागे गेलेला. तिथे बटण दाबायचे म्हणजे आधी उसाची मोळी बाजूला सरकवायला सांगायचे. शिक्षिकेने विद्यार्थ्यांना विचारले तेव्हा बऱ्याच मुलांचा समज असा निघाला की बटण शोभेचे आहे. हा संशय फक्त नाशिकच्या मुलांचा नव्हे. न्यूयॉर्कमधील पादचारी बटणांपैकी बहुसंख्य बटणे संगणकीय नियंत्रण आल्यापासून निष्क्रिय आहेत, हे २००४ मध्ये तेथील वृत्तपत्रांतून उघड झाले होते.

विचारात घेतलेले पर्याय

पादचारी पुलाचा प्रस्ताव सर्वांत आधी आला आणि सर्वांत आधी बाजूला पडला. रुग्णालयात येणाऱ्या माणसाने सहा मीटर चढून उतरावे ही अपेक्षाच चुकीची होती, आणि लिफ्टच्या देखभालीची जबाबदारी घ्यायला कोणी तयार नव्हते.

दुसरा प्रस्ताव महाविद्यालयाच्या फाटकासमोर, चौकापासून थोड्या अंतरावर, स्वतंत्र ओलांडणी करण्याचा होता. अशा ठिकाणच्या सिग्नलांचे जगभर बरेच प्रयोग झालेले आहेत आणि गटाने त्यांचा बारकाईने विचार केला. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये बटणावर चालणारी ‘पेलिकन’ ओलांडणी आली; तिच्यात हिरवा माणूस रस्त्याच्या पलीकडच्या खांबावर दिसतो. नंतर आलेल्या ‘पफिन’ पद्धतीत तो अलीकडच्याच खांबावर, साधारण खांद्याच्या उंचीवर, येणाऱ्या वाहनांच्या दिशेला बसवतात, जेणेकरून दिवा पाहताना माणसाची नजर वाहनांकडेही जावी. शिवाय त्यातील संवेदक पट्ट्यांवर कोणी रेंगाळत असेल तर वेळ वाढवतात आणि बटण दाबून निघून गेलेल्याची मागणी रद्द करतात. ब्रिटनमध्ये २०१६ च्या नियमांनंतर नव्या पेलिकन ओलांडण्या बसवणे थांबले. तरीही पफिनवर तेथे आक्षेप आहेतच. गर्दीत पुढच्या माणसामुळे अलीकडचा दिवा झाकला जातो, आणि एकदा रस्त्यात उतरल्यावर समोर कोणताच दिवा नसल्याने वृद्ध माणूस गोंधळतो. महाविद्यालय सुटतानाची आपल्याकडील गर्दी डोळ्यांसमोर आणली, तर पहिला आक्षेप येथे दुप्पट लागू होतो, असे माझे मत होते आणि आहे.

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातील टूसॉन शहरात विकसित झालेला आणि २००९ मध्ये तेथील राष्ट्रीय नियमावलीत आलेला ‘हॉक’ सिग्नल हाही चर्चेत होता. बटण दाबेपर्यंत हा सिग्नल पूर्ण विझलेला असतो. दाबल्यावर आधी लुकलुकता पिवळा, मग स्थिर पिवळा, मग दोन लाल दिवे आणि शेवटी आलटून पालटून लुकलुकणारे लाल दिवे असा त्याचा क्रम आहे. वाहतूक शाखेच्या अधिकाऱ्यांनी यावर एका वाक्यात निकाल दिला: “साहेब, आपल्याकडे सिग्नल विझलेला दिसला की लोक लाइट गेली असं समजतात.” त्या आक्षेपाला उत्तर नव्हते.

स्वतंत्र ओलांडणीसाठी भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत गर्दीच्या तासातील पादचारी आणि वाहने यांच्या संख्येवरून निकष काढण्याची पद्धत आहे. पादचाऱ्यांची संख्या गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग, असे ते सूत्र. महाविद्यालय सुटण्याच्या वेळेपुरता हा निकष बसत होता, पण रुग्णालयाकडे जाणारे लोक चौकातूनच ओलांडत राहिले असते. दोन ठिकाणी अर्धवट काम करण्यापेक्षा चौकच नीट करावा, यावर गटाचे एकमत झाले. हा पहिला महत्त्वाचा निर्णय होता.

चौकाच्या आत तीन उपाय उरले. सर्व बाजूंची वाहने थांबवून फक्त पादचाऱ्यांसाठी वेगळी पाळी ठेवणे हा सर्वांत सुरक्षित उपाय. पण त्यासाठी सुमारे २५ सेकंद वाढवावे लागले असते, आणि १२० सेकंदांच्या आवर्तनात ते बसवल्यास सकाळच्या वेळी रांग मागच्या चौकापर्यंत गेली असती. दुसरा उपाय पादचाऱ्यांना काही सेकंदांची आघाडी देण्याचा, म्हणजे हिरवा माणूस आधी आणि वाहनांचा हिरवा दिवा नंतर. पाच सेकंदांत सामान्य वेगाचा माणूस सहा मीटर पुढे जातो, म्हणजे पहिली बाजू जवळपास ओलांडतो आणि वळणाऱ्या चालकाला तो आधीच रस्त्यात दिसतो. न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आणि तिला नवे यंत्र लागत नाही, फक्त कंट्रोलरमधील, म्हणजे दिवे चालवणाऱ्या यंत्रणेतील, वेळापत्रक बदलावे लागते. तिसरा उपाय दुभाजक रुंद करून ओलांडणी अधिकृतपणे दोन टप्प्यांत करण्याचा होता.

टायमरविषयीचा मतभेद

बैठकांमध्ये सर्वाधिक वेळ टायमरने घेतला. ज्येष्ठ नागरिकांना तो हवा होता, कारण किती सेकंद उरले हे कळले तर निघावे की थांबावे हे ठरवता येते. हे म्हणणे रास्त आहे. वाहतूक शाखेचा अनुभव उलटा होता. पादचाऱ्यांचा टायमर थांबलेल्या चालकांनाही तिरका दिसतो आणि त्यात तीन आकडा आला की रिक्षा पुढे सरकू लागतात. सिग्नल सुटायच्या आत त्या पट्ट्यांवर आलेल्या असतात. टोरोंटोमधील नोंदींवर आधारित आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हीच गुंतागुंत दिसली होती: टायमर बसवल्यावर पादचाऱ्यांना वाहनांनी धडकण्याचे प्रमाण घटले, मात्र चालकही आकडे वाचून वेग वाढवू लागल्याने वाहनांच्या आपसांतील टकरी वाढल्या. माहिती पादचाऱ्याला मिळावी पण चालकाला मिळू नये, असा त्या अभ्यासाचा रोख होता.

गटाने टायमर ठेवला, पण त्यावर उभ्या झडपा बसवून तो फक्त समोरून वाचता येईल असे केले. मला हा निर्णय सर्व निर्णयांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नेमका वाटतो.

संगीतशिक्षकांचा मुद्दा वेगळा होता आणि तो उशिरा ऐकला गेला. आकृती, आकडे, रंग यांवर तासभर चर्चा झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारले की यातले मला काय कळणार. लाल दिव्याजवळ दृष्टिहीनांसाठी ध्वनिसंकेत असावेत ही तरतूद १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातही होती. सिग्नलच्या मूळ आराखड्यात मात्र ती कोणाला आठवली नाही. ब्रिटनमधील बटणाच्या डबीखाली एक लहान शंकू असतो आणि हिरवा दिवा लागला की तो बोटांखाली फिरू लागतो, त्यामुळे ऐकू न येणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीलाही कळते. तो येथे मिळवणे जमले नाही. ध्वनिसंकेत मात्र घेण्याचे ठरले.

प्रत्यक्ष कार्यवाही

पुढील बदल टप्प्याटप्प्याने झाले. हिरवा माणूस पाच सेकंद आधी सुरू करण्यात आला आणि त्याचा एकूण वेळ १२ वरून २२ सेकंद झाला. बाजूच्या रस्त्याच्या वाहनांना पूर्वीइतकेच २० सेकंद राहिले. ते पाच सेकंद मुख्य रस्त्याच्या हिरव्या वेळेतून काढले. यावर बरीच घासाघीस झाली. मुख्य रस्त्याची रांग किती वाढेल यावर बोलणारे सगळे होते, पट्ट्यांवर कोण किती वेळ उभे आहे हे मोजायला आधी कोणी आले नव्हते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

दिवसा बटण बंद करून हिरवा माणूस प्रत्येक आवर्तनात आपोआप येईल असे केले. रात्री मात्र बटण चालू ठेवले आणि त्यावर पोच देणारा लाल ठिपका बसवला. महाविद्यालय सुटण्याच्या वेळी कंट्रोलरमध्ये वेगळे वेळापत्रक टाकून त्या अर्ध्या तासापुरती सर्व वाहने थांबवणारी पाळी देण्यात आली. सबंध दिवस ती देता येत नाही म्हणून कधीच द्यायची नाही, हा विचार गटाने सोडून दिला, हे चांगले झाले.

डाव्या वळणावर फलक लावण्याचा आग्रह होता. फलक लागला. वेग मात्र कमी झाला तो वळणाचा कोपरा आत घेतल्यामुळे आणि झेब्रा पट्टे रस्त्यापासून सुमारे १०० मिलिमीटर उंच सपाट चौथऱ्यावर घेतल्यामुळे. मोटार त्या चौथऱ्यावर चढताना आपोआप मंदावते, आणि पादचारी पदपथाच्याच पातळीवर चालत राहतो. रसवंतीची हातगाडी मालकाशी बोलून खांबापासून दूर सरकवण्यात आली. उन्हाळ्यात ती पुन्हा जुन्या जागी येते, मग पुन्हा सांगावे लागते.

परिणाम

ज्येष्ठ नागरिक आता एका दमात रस्ता ओलांडतात. बाकीचा परिणाम संमिश्र आहे. वळणाऱ्या मोटारी बहुतेक वेळा थांबतात. दुचाक्या थांबलेल्या माणसांच्या मधून वाट काढतात, फक्त वाहतूक पोलीस उभे असले की तेवढ्यापुरत्या थांबतात. विद्यार्थ्यांच्या वागण्यात सर्वाधिक बदल वेगळ्या पाळीच्या अर्ध्या तासात झाला, कारण त्या वेळी थांबण्याचा मोबदला त्यांना लगेच आणि पूर्ण मिळतो. इतर वेळी ते पूर्वीसारखेच रिकामी जागा दिसली की निघतात. पोलिसांच्या हाका मात्र बदलल्या, असे शिक्षिकेचे निरीक्षण आहे: पूर्वी “आजोबा, थांबा” ऐकू यायचे, आता “आजोबा, निघा, वेळ आहे” ऐकू येते.

दोन अडचणी नव्याने निर्माण झाल्या. पहिल्याच पावसाळ्यात उंच चौथऱ्याने पाणी अडवले आणि पादचारी जिथे उभे राहतात नेमक्या त्याच जागी घोटाभर डबके साचले. कडेला फट ठेवून त्यावर जाळी टाकल्यावर ते गेले. दुसरी अडचण ध्वनिसंकेताची. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरून आणि समोरच्या सोसायटीतून रात्रीच्या आवाजाविषयी तक्रारी आल्या, तेव्हा कोणीतरी आवाज सर्व वेळांसाठी पूर्ण बंद केला आणि संगीतशिक्षकांना ते एका संध्याकाळी खांबाजवळ उभे राहिल्यावर कळले. नंतर दिवसा पूर्ण आवाज आणि रात्री बटण दाबल्यावरच हळू आवाज, अशी तडजोड झाली.

वेगळे काय करता आले असते

दिवे मागवण्यापूर्वी रस्त्याची रुंदी मोजून सेकंदांचा हिशेब केला असता, तर निम्मे प्रकरण उद्भवलेच नसते. खरेदीच्या कागदांत दिव्यांचा व्यास, खांबांची उंची आणि टायमरच्या अंकांचा रंग तपशीलवार होता. हिरवा माणूस किती वेळ आणि कोणत्या पाळीबरोबर लागेल, याबद्दल एक ओळही नव्हती. नव्या आराखड्याविषयी लोकांची मते घेताना दिव्याचे चित्र दाखवले जाते. मुंबईत दादर परिसरात २०२० मध्ये सिग्नलवर स्त्रीची आकृती आली तेव्हा तिची भरपूर चर्चा झाली, आणि ती व्हायलाही हवी होती. पण आकृती कोणाचीही असो, तिच्या पायाखालचे सेकंद ठरवणारे वेळापत्रक चौकात लावले तर लोकांना मत देण्यासारखे काही मिळेल. गटाने तशी शिफारस केली. ती अद्याप मान्य झालेली नाही.

दृष्टिहीन सभासदाला पहिल्या बैठकीतच पहिला बोलायला द्यायला हवे होते. सिंगापूरमध्ये २००९ पासून ज्येष्ठ आणि अपंग व्यक्ती खांबावर आपले कार्ड टेकवून हिरवा वेळ वाढवून घेऊ शकतात. येथे तसे यंत्र परवडणारे नव्हते, पण रात्रीचे बटण लांब दाबल्यास वेळ वाढेल एवढी सोय त्याच कंट्रोलरमध्ये शक्य होती आणि ती विचारात यायला हवी होती.

एका मुद्द्यावर माझे मत गटाहून वेगळे राहिले. १.२ मीटरचा दुभाजक हा खरे तर आसरा नव्हे. चाकांची खुर्ची तेथे जेमतेम मावते आणि मागे-पुढे वाहने असतात. दोन्ही बाजूंच्या मार्गिका थोड्या अरुंद करून तो दोन मीटरचा केला असता, तर आघाडीचे पाच सेकंद चुकलेल्या माणसालाही मध्ये निर्धास्त थांबता आले असते. मार्गिका अरुंद झाल्यास बस अडतील, या कारणाने तो प्रस्ताव नामंजूर झाला. सिंहस्थासाठी शहरातील रस्त्यांची कामे सुरू असल्याने हा रस्ता पुन्हा उकरला जाण्याची शक्यता आहे, आणि तसे झाल्यास दुभाजकाचा प्रस्ताव मोजमापांसह पुन्हा मांडण्याचे ज्येष्ठ नागरिक संघाने ठरवले आहे.